शेवटचा रकाना

काकांसमोर कुठल्याही गोष्टीचं कौतुक केलं की ते एकच विचारायचे, "पडलं तर उठतं का?"

नवा प्रिंटर आला, "पडला तर उठतो का?" जिन्याखालच्या चहावाल्याने सून चांगली मिळाली म्हणून पेढे वाटले. काकांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "छान. आजारी पडली तर तिला कोण उठवणार, तेही ठरवून ठेवा." चहावाला हसला. नंतर मला म्हणाला, "माणूस सोन्यासारखा आहे ताई, पण पेढा खाऊनसुद्धा गोड बोलत नाही."

आमची लॅब ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर. कल्याण, डोंबिवली, माजिवडा अशा सेंटरांवर रक्त घ्यायचं, बर्फाच्या पेट्यांतून इथे आणायचं, मशिनवर तपासायचं आणि रिपोर्ट पाठवायचे. मी रिपोर्ट सेक्शनला होते. माझ्या खुर्चीमागे काचेचं दार, दारामागे सगळे रिपोर्ट साठवणारा सर्व्हर, आणि सर्व्हरशेजारी स्वेटर घालून बसलेले काका. एसीमुळे ते मे महिन्यातही स्वेटर घालायचे. अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतात. सगळं नीट चाललंय तोवर ती कुणाला दिसत नाहीत. मीही पहिले सहा महिने त्यांच्याकडे पाठ करूनच बसलेले.

मग एकदा त्यांनी मला आत बोलावलं. स्टुलावर एक जुना सर्व्हर होता. "यात खोटे रिपोर्ट भरत जा. थांबू नकोस," म्हणाले. मी भरत होते. विसावा की एकविसावा रिपोर्ट असेल, त्यांनी वाकून भिंतीतली वायरच उपटली. मी ओरडले. ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले. वायर परत लावली. थोड्या वेळाने स्क्रीनवर नाव-पासवर्डाचे चौकोन दिसले.

"उठला," मी म्हणाले.

"दार उघडलंय फक्त. माणूस उठलाय का बघ. रिपोर्ट काढ."

मी रिपोर्ट छापला, कागद हातात घेतला, तेव्हा कुठे त्यांनी घड्याळावरची नजर काढली. "पेशंटच्या हातात कागद पडला की उठला म्हणायचं. तोवर तो आडवाच."

सर्व्हरवर कुठली ऑपरेटिंग सिस्टिम घालावी, यावर लोक भांडतात. चहाच्या टपरीवर क्रिकेटवर भांडतात तसे. मी तर त्या भांडणातली कार्यकर्ती होते. डोंबिवलीत आमचा दहा-बारा जणांचा गट आहे. सॉफ्टवेअर कुणा एका कंपनीच्या मालकीचं नसावं, ते लिनक्ससारखं सगळ्यांना उघडं असावं, असं आम्ही कॉलेजांबाहेर आणि कारखान्यांच्या फाटकांवर पत्रकं वाटून सांगतो. पत्रकं लिहायचं काम माझं. पत्रकाचा नियम साधा असतो: शत्रू एक, ओळी चार, आणि 'पण' हा शब्द चालत नाही.

काकांनी माझं पत्रक पेन्सिल घेऊन वाचलं. 'फुकट' या शब्दाभोवती गोल काढला.

"पुढारी, हे खोटं आहे."

तेव्हापासून मी त्यांची पुढारी झाले.

"खोटं कसं काका? लिनक्सला लायसन लागत नाही. कंपनीचा पट्टा नाही गळ्यात."

"पट्टा नाही, कबूल. तू घरी जेवतेस की डबा लावलायस?"

"घरी."

"मग जेवण फुकट?"

"त्याचं काय इथे?"

"डबा लावला की डबेवाल्याचे नखरे सोसायचे. घरी केलं की भांडी घासायची. तू पत्रकात लिहितेस, घरचं जेवण फुकट. भांडी कोण घासतंय ते बघितलंयस कधी?"

भांडी आई घासायची. मी विषय बदलला.

त्यांना कुठल्याच सिस्टिमचं प्रेम नव्हतं, द्वेषही नव्हता. मला त्याचाच राग यायचा. विंडोजबद्दल म्हणायचे, "चालवणारा माणूस इस्टेटच्या कुठल्याही गल्लीत मिळतो, हे लहान काम नाही. पण अपडेट घेऊन परत सुरू व्हायचं म्हणते, तेव्हा तिची वेळ आपल्याला सांभाळावी लागते." पैसे भरून कंपनीचा आधार मिळणाऱ्या लिनक्सबद्दल म्हणायचे, "फोन केला तर कुणीतरी उचलतो. संकटात ज्याने एकट्याने रात्र काढलीय, त्याला विचार त्या फोनची किंमत." आणि बिनपैशांच्या लिनक्सबद्दल, जी माझी लाडकी, ते इतकंच म्हणायचे, "गुणी आहे. पण अनाथ आहे. घरात घेतलीत तर सांभाळणारं पाहिजे."

"काका, तुम्ही कुंपणावर बसता."

"कुंपणावरून दोन्हीकडचं दिसतं गं."

लॅब वाढत होती. नवा सर्व्हर घ्यायचं ठरलं, आणि आमच्या ऑपरेशन्स हेडने काकांकडे तुलना मागितली: कुठली सिस्टिम घ्यावी, का घ्यावी. हेड तिशीतला, चटपटीत, कुणालाही दुखवून न बोलणारा माणूस. काका महिनाभर त्या कामाला लागले. तीन जुनी मशिनं मांडली, तीन सिस्टिम घातल्या. प्रत्येक मशिन रोज पाडायचे. कधी वीज काढून, कधी चालू डिस्क उपसून, कधी नेटवर्कची वायर तोडून. मग बॅकअपवरून सगळं परत उभं करायचं आणि मला जुन्या रिपोर्टांचा गठ्ठा द्यायचा: नाव, वय, आकडा, एकेक ओळ जुळवून बघ. मी कंटाळायचे. "नमुना म्हणून दहा बघते ना काका." ते म्हणायचे, "अकरावा तुझ्या आईचा असला तर?"

त्या महिन्याचे अकरा पानी तक्ते झाले. वेग, सुरक्षा, अपडेट किती वर्षं मिळणार, आमच्या तपासणीच्या मशिनांशी कोण नीट बोलतं, सगळ्याचे रकाने. आणि प्रत्येक पानावर अगदी उजवीकडे एक शेवटचा रकाना: 'कोण उठवणार'. विंडोजपुढे लिहिलं होतं, 'इथे एक माणूस, बाहेर मदत सहज.' पैशांच्या लिनक्सपुढे, 'इथे एक माणूस, फोनवर कंपनी.' बिनपैशांच्या लिनक्सपुढे, 'इथे दोन माणसं. दोन नसतील तर घेऊ नये.' त्यांची शिफारस बिनपैशांचीच होती. आमच्या मशिनांवर तीच सगळ्यांत लवकर उठली होती. मला ते कळलं तेव्हा मी टेबलावर हात आपटलेला आनंदाने.

हेडने अकरा पानं हातात तोलली. "काका, ग्रेट काम. पण डायरेक्टर एका पानाच्या पुढे वाचत नाहीत. एक पान द्या ना."

काकांना एक पान जमेना. दोन दिवस खोडत बसले. शेवटी मी म्हणाले, "द्या इकडे. माझं रोजचं काम आहे ते."

जेवणाच्या सुट्टीत मी ते पान लिहिलं. चाळीस मिनिटं लागली. शत्रू एक, ओळी चार. वर ठळक: 'लायसनची कटकट नाही. कुणावर अवलंबून राहावं लागत नाही.' मला परदेशी कंपन्या म्हणायच्या होत्या. शेवटचा रकाना पानात मावत नव्हता. खरं सांगायचं तर अक्षर थोडं लहान केलं असतं तर मावला असता. पण त्या रकान्यात 'पण' होता.

काकांनी पान वाचलं. "शेवटचा रकाना कुठाय?"

"तो मीटिंगमध्ये तोंडी सांगा ना काका. कागदावर बघितला तर घाबरतील, आणि परत नेहमीच्या कंपनीच्या दारात जातील."

त्यांनी पान परत एकदा वाचलं. "बरं. तोंडी सांगतो," म्हणाले, आणि सही केली.

मीटिंगमधून ते सात मिनिटांत बाहेर आले.

"सांगितलंत?"

"हात वर केला होता."

"मग?"

"म्हणाले, काका, डिटेल्स नंतर."

ते नंतर कधी आलं नाही. नवा सर्व्हर मात्र आला. काकांनी तो एकट्याने उभा केला, आणि तो चालला. तक्रार नाही, खोळंबा नाही. रोज सकाळी सर्व्हर त्यांना एक मेल पाठवायचा, बॅकअप झाला, डिस्क ठीक आहेत, असा. काका चहा घेत तो मेल वाचायचे आणि वहीत बरोबरची खूण करायचे. बाहेरून बघणाऱ्याला दिसायचं काय? एक माणूस, स्वेटर, चहा आणि वही.

हेडला तेच दिसलं. आठ महिन्यांनी त्याने काकांना आपल्या काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. काचेपलीकडून मला ऐकू येत होतं. तो आवाज चढवत नव्हता, उलट फार मऊ बोलत होता. सर्व्हरवर लक्ष ठेवायला दुसऱ्या शहरातली एक एजन्सी मिळाली आहे, ती लांबूनच बघेल. काकांची जागा रद्द.

काका म्हणाले, "सर्व्हरजवळ माणूस लागतो, साहेब."

हेडने फाइलमधून ते पान काढलं. "'कुणावर अवलंबून राहावं लागत नाही.' तुमचीच सही आहे ना काका?"

सतरा वर्षांची नोकरी माझ्या एका ओळीने गेली. त्रेपन्नाव्या वर्षी. मी संतापले. त्याच संध्याकाळी पत्रक लिहायला घेतलं, हेडविरुद्ध, डायरेक्टरांविरुद्ध, माणसाला वायरीसारखं उपटणाऱ्या सगळ्या कंपन्यांविरुद्ध. दुसऱ्या दिवशी काकांना दाखवलं. त्यांनी पेन्सिल काढली नाही. "वाक्यं चांगली लिहितेस गं," म्हणाले. "तेही वाक्य चांगलंच होतं. म्हणून तर चाललं."

त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या माणसासाठी त्यांनी एक वही लिहिली. पुढचा माणूस नव्हताच, म्हणून वही हेडला दिली. हेडने 'मिळाली' अशी सही केली आणि कपाटात ठेवली. वहीच्या पहिल्या पानावर पहिली ओळ होती: 'सकाळचा मेल आता कुणाच्या नावावर जाणार ते आधी ठरवा.' ही ओळ मी नंतर वाचली. सगळ्यांनीच नंतर वाचली.

काका गेले त्या दिवशी ऑफिसने त्यांचा ईमेल बंद केला. नियमच आहे तो, माणूस गेला की त्याचं नाव बंद करायचं. सर्व्हरला हा नियम कुणी सांगितला नव्हता. तो रोज सकाळी त्या बंद नावाला मेल पाठवत राहिला. आधी लिहिलं, एक डिस्क गेली. मग लिहिलं, बॅकअप झाला नाही. मग रोज तेच, अकरा दिवस. एजन्सी लांबून फक्त सर्व्हर चालू आहे की नाही एवढं बघत होती, आणि सर्व्हर चालू होता. बाराव्या दिवशी जोडीची दुसरी डिस्कही गेली, आणि सर्व्हर आडवा झाला.

पेट्या येत राहिल्या. रिपोर्ट जाईनात. सेंटरांवर लोक काउंटर वाजवायला लागले. एजन्सीचा माणूस फोनवर हिंदीत म्हणत होता, "टिकट रेज किया है मॅडम, टीम देख रही है." टिकट म्हणजे तक्रारीचा नंबर. संध्याकाळी हेडने, मऊ आवाजातच, शहाडला काकांच्या घरी फोन लावला.

काका सकाळी आले. खाली वॉचमनने त्यांना पाहुण्यांच्या रजिस्टरमध्ये नाव लिहायला लावलं. 'कुणाला भेटायचे' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'सर्व्हर'. वॉचमन म्हणाला, "काका, माणसाचं नाव लिहा ना, साहेब ओरडतील मला." त्यांनी माझं नाव लिहिलं.

तीन दिवस ते बसले. जुन्या बॅकअपवरून सर्व्हर उभा केला, पण शेवटचे अकरा दिवस त्यात नव्हतेच, ते कुठून आणणार? काका एकेका तपासणीच्या मशिनकडे गेले. त्या मशिनांच्या पोटात आकडे थोडे दिवस राहतात, पण नाव नसतं, फक्त नळीचा नंबर. मग सेंटरांवरून हाताने लिहिलेली रजिस्टरं मागवली, आणि आम्ही दोघांनी नंबराला नाव जोडलं. हजारो ओळी. मी एकदाही कंटाळले नाही. शेवटी बासष्ट माणसं उरली, ज्यांचा रिपोर्ट गेला नव्हता आणि आकडाही कुठेच सापडला नाही.

"फोन करायचे," काका म्हणाले. "चूक आमची, रक्त पुन्हा द्या, एवढंच सांगायचं. कारणं द्यायची नाहीत."

अर्धे मी केले, अर्धे त्यांनी. लोकांनी शिव्या दिल्या. एका बाईंनी आजवर टोचून घेतलेल्या प्रत्येक सुईचा हिशेब ऐकवला. कल्याणचा एक नंबर काकांच्या यादीत होता. ते सांगायला लागले आणि मध्येच थांबून पलीकडचं ऐकायला लागले. मग म्हणाले, "हो. नाही, आता नको. माफ करा." फोन ठेवला. मला म्हणाले, "ते परवा गेले. मुलगी म्हणाली, रिपोर्टची वाट बघून ऑपरेशन पुढे ढकललेलं."

बाकीच्या एकसष्ट ओळींपुढे त्यांनी बरोबरची खूण केली. त्या एका ओळीपुढे काहीच लिहिलं नाही.

मी म्हणाले, "हे आपण बाहेर काढायचं. छापायचं. यांनी माणूस मारला."

"तुला माहीत आहे रिपोर्टमुळे गेले म्हणून?"

"नाही, पण..."

"माहीत नाही ते लिहायचं नाही, पुढारी."

त्या घरच्यांनी तक्रार केली. डायरेक्टरांनी चौकशी लावली. चौकशीत कुणाचंतरी नाव लागतं, आणि फाइलमध्ये ते आयतं होतं: शिफारस करणाऱ्याची सही. एजन्सीचं नाव आलं नाही, कपाटातल्या वहीचं आलं नाही, बंद केलेल्या मेलचं तर कुणी नीट समजूनसुद्धा घेतलं नाही. ज्याला काढून टाकलं होतं, त्यालाच जबाबदार धरलं. मी लेखी दिलं, की ते पान माझं आहे, रकाना मी गाळला, अकरा पानांत तो आहे, जोडते आहे. मला पोच मिळाली, शिक्क्यासकट. त्यापुढे काही नाही. हेड मला मऊ आवाजात म्हणाला, "तुमची भावना समजते, पण सही तुमची नाहीये ना."

मी काकांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "बरोबरच आहे त्याचं. सही करणाऱ्याने वाचायचं असतं. मी वाचलं होतं."

त्यानंतर त्यांना नोकरी मिळाली नाही. दोन ठिकाणी निवड झालेली. मग त्या लोकांनी चौकशीला आमच्या ऑफिसला फोन केला. इथून काय सांगितलं गेलं असेल, ते तुम्हाला वेगळं लिहून दाखवायला नको. लॅबने मात्र नंतर जाहिरात काढली: सर्व्हरसाठी माणसं हवीत, जागा दोन. मी ती जाहिरात खिशात घालून शहाडला गेले. मूर्खपणाच होता. पण त्यांनी ती बघावी असं मला वाटत होतं.

काकूंनी दार उघडलं. "अगं, ते कामावर गेलेत. पुढे मुरबाड रस्त्याला गोदाम आहे ना मोठं, तिथे फाटकावर गाड्यांची नोंद करतात. नऊला डबा घेऊन जातात, सातला येतात. आता जीव रमलाय त्यांचा. आधी नुसते बसून असायचे. जा, भेट, बरं वाटेल त्यांना."

रिक्षाने गोदामापर्यंत गेले. फाटकावर टेबल, टेबलामागे एक पंचविशीतला माणूस, मोबाइलवर काहीतरी बघत. मी काकांचं विचारलं.

"स्वेटरवाला? तो कधीच गेला ताई. दिवाळीच्या आधी."

"गेला म्हणजे?"

"काढला. गाडी आली की हा उठून मागे जायचा, मागचा नंबर बघायचा, मग पुढचा परत बघायचा, मग लिहायचा. मागे ही लाइन. ड्रायव्हर लोक भांडायला यायचे. मालक बोलला, काका, हे सरकारी ऑफिस नाय. पण ऐकतच नव्हता."

"मग आता कुठे असतात?"

"ते मला काय माहीत. घरी असेल ना."

फेब्रुवारी संपत आलेला. मी परत येताना दोन्ही बाजूंना बघत आले. देवळाचा कट्टा, नदीकडे जाणारा रस्ता, बंद दुकानांच्या पायऱ्या. स्वेटर घातलेली पुष्कळ म्हातारी माणसं दिसली. ते कुठेच नव्हते.

स्टेशनजवळ पोचले तेवढ्यात काकूंचा फोन आला.

"भेटले का गं?"

मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. मी म्हणाले, "हो काकू, भेटले. कामात होते, जास्त बोलता आलं नाही."